मधलं नाव

"मग पहिलं वर्ष गेलं कुठं?"

वैजयंता धोंडीबाबांच्या पायावर डोकं टेकून होती. ती तशीच थांबली. बाबांचा आवाज डोक्यावरून आला होता, अगदी साधा. कळपात एखादी शेळी कमी दिसावी आणि माणसानं सहज विचारावं, तसा.

"माफ झालं, बाबा," ती म्हणाली.

"कुणी केलं माफ?"

"सरकारनं!" मागून तिचे वडील रावसाहेब खोचरे पुढं सरकले. अंगात नवा कोरा शर्ट, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. "हुशारीच तेवढी पोरीची, बाबा. बाकीची पोरं पहिल्या वर्षापासनं इंजिनिअरिंगला बसत्यात. हिला म्हणले, तू कशाला पहिल्यात बसतीस? तू ये डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला!"

"गुन्हा माफ होतो, रावसाहेब. वर्ष कसं माफ होतं?"

मंडपात हशा पिकला. बाबांना इंजिनिअरिंगमधलं काय कळणार, म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रावसाहेब तर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

वैजयंतानं मान वर केली.

बाबा हसत नव्हते.

आता खरं काय होतं ते सांगितलं पाहिजे. वैजयंता बारावीला ज्युनिअर कॉलेजात पहिली आली होती. वाडीनं तेव्हाच ठरवून टाकलं, पोरगी इंजिनिअर होणार. पण पुढची प्रवेशाची परीक्षा तिला जड गेली. डिग्रीचं कॉलेज मिळेना. मिळालं ते शहराकडचं एक पॉलिटेक्निक. तिथं बारावी झालेल्यांनी दोन वर्षं काढायची. ती नीट काढली, की डिग्रीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला बसावं लागत नाही, दुसऱ्यात घेतात. कागदावर त्याला डायरेक्ट म्हणतात. लांबच्या वाटेनं आलेल्याला डायरेक्ट म्हणायचं, असा तो कारभार.

वाडीत मात्र पॉलिटेक्निक म्हणजे पान्हे-हातोड्यांची शाळा. आधल्या साली चुलतभाऊ तिथं निघाला होता, तर खुद्द वैजयंताच चारचौघांत म्हणाली होती, "नापासांची धर्मशाळा ती. तिथं काय शिकणार? चाकाची हवा काढायला?" भाऊ बिचारा गेलाच नाही.

मग आता त्याच धर्मशाळेत आपण निघालो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिनं सांगितलं, "मावशीकडं राहून परीक्षेची तयारी करते." मावशीच्या यजमानांनी सगळं बघितलं. दोन वर्षं गेली. डिग्रीच्या कॉलेजचं पत्र आलं, त्यात 'डायरेक्ट' हा शब्द होता. रावसाहेबांनी तो शब्द उचलला आणि गावभर फिरवला. पोरीनं अशी परीक्षा दिली, अशी दिली, की एक वर्षच उडालं!

वैजयंता गप्प बसली. गप्प बसायला काही करावं लागत नाही ना. नुसतं बसायचं.

आणि आज गुहेच्या मठात तिचा सत्कार होता.

मठ म्हणजे डोंगराच्या पोटातली एक गुहा, तिच्यापुढं सहजनाथांची दगडी समाधी, समाधीच्या बाजूला बाबांची गादी. गादी म्हणायची तेवढंच, एक घोंगडी आणि तिच्यावर चादर. पुढं मंडप घातला होता. स्वयंपाकाच्या चुली पेटल्या होत्या, आमटीचा वास सगळीकडं.

वैजयंता वडिलांशेजारी उभी राहिली, आणि तेवढ्यात तिच्या कानावर एक आवाज आला. स्कूटरचा. चढावर धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखा खोकत येणारा.

हा आवाज तिनं दोन वर्षं रोज ऐकला होता.

नाही… ते कशाला येतील इथं?

स्कूटर मंडपाच्या तोंडाशी थांबली. माणूस उतरला. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यानं चपला नीट जोडून ठेवल्या. हातात कागदात गुंडाळलेला निशिगंधाचा हार. डाव्या भुवईवर आडवी जखमेची खूण.

मगदूम सर.



ती खूण वैजयंतामुळंच होती. पॉलिटेक्निकच्या पहिल्याच आठवड्यात तिनं लेथचं, लोखंड कातायच्या मशीनचं, बटण दाबलं, आणि ज्या चक्राला लोखंडाचा तुकडा आवळतात, त्या चक्रातली चावी काढायची राहून गेली. चक्र फिरलं, चावी सुटली गोफणीतल्या दगडासारखी. सरांनी तिला खांद्यानं ढकललं म्हणून ती वाचली. चावी सरांच्या भुवईवर बसली. डोळा रक्तानं भरला, तरी माणूस आधी मशीन बंद करायला गेला. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "चावी माझ्याच हातनं राहिली."

दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधून हजर. तिला त्याच मशीनपुढं उभं केलं. तिचं सगळं लक्ष दाराकडं.

"आज पळालीस तर जन्मभर पळशील. चावी काढ. खिशात टाक. हं, आता बटण."

तिथून तिचा हात बसला. हात बसला आणि मग डोकंही बसलं.

तेच सर आता गर्दीतून वाट काढत येत होते. पेपरातली सत्काराची बातमी वाचून आले असणार, दुसरं काय? चेहरा असा फुललेला, जणू लग्न घरचंच आहे.

"हे कोण गं, वैजे?" रावसाहेबांनी विचारलं. "तुझ्याकडंच बघत यायला लागल्यात."

सर दोन हातांवर आले होते.

"मावशीच्या शेजारचे," वैजयंता म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिचा तिलाच झटका बसला. असं कसं बोललो आपण? पण बोलून झालं होतं.

सर जागीच थांबले. हार घालायला पुढं आलेला हात खाली गेला. त्यांनी तिच्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग ते रावसाहेबांकडं वळले.

"व्हय," ते म्हणाले. "शेजारीच असतोय."

"मग उभं का? बसा की! जेवल्याशिवाय जायचं न्हाई, सांगून ठेवतो. आणि हे कपाळाला काय हो?"

"जुनं हाय. मशीनचं."

"जपून ऱ्हावं माणसानं."

"व्हय," सर म्हणाले. "जपाय पायजे."

ते मागं गेले आणि चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसले. हार त्यांनी मांडीवर ठेवला, तसाच, कागदात.

तिथंच तीन हातांवर, गादीवर, बाबा वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गुहेच्या मठाची एक रीत आहे. इथं कुणाच्या अंगावर शाल घालायची झाली, तर त्यानं आधी पायरीवर उभं राहायचं आणि आपल्या शिकवणाऱ्यांची नावं सांगायची. पहिल्या अक्षरापासून. पैलवान आला तर तो वस्तादांची नावं सांगतो, गवंडी आला तर ज्यानं ओळंबा धरायला शिकवलं त्याचं. नाव सांगून झालं की सगळा मंडप म्हणतो, "दंडवत." मग पुढचं नाव.

आणि शेवटी गादीवरचा नाथ आपल्या गुरूंची नावं घेतो, आदिनाथापासून. ती माळ वाडीतल्या पोरासोरांनाही पाठ. नाथानं एकही नाव गाळायचं नाही. नाव गाळलं तर गादी सोडायची. असं पूर्वीपासूनचं आहे.

वैजयंता पायरीवर चढली.

"कदमबाई. अंगणवाडीच्या. त्यांनी पाटीवर हात धरला."

"दंडवत."

"लोंढे गुरुजी. त्यांनी पाढे शिकवले."

"दंडवत."

"हायस्कूलचे जंगम सर. गणिताचे."

"दंडवत."

"ज्युनिअर कॉलेजच्या सावंत मॅडम…"

"दंडवत."

मंडपाच्या टोकाला, चपलांपाशी, एक पांढरं डोकं खाली वाकलेलं दिसत होतं. ती पटकन म्हणाली, "आणि आता डिग्रीच्या कॉलेजचे प्राध्यापक, डॉक्टर अभ्यंकर."

"दंडवत."

"झाली?" बाबांनी विचारलं.

"झाली."

"मधी कुणी?"

वैजयंतानं पायरीच्या दगडाकडं बघितलं.

"मधी कुणी ऱ्हायलं का, पोरी?"

"न्हाई बाबा." तिचा आवाज तिला परक्यासारखा वाटला. "मधी मी माझी मीच."

"वा!" रावसाहेब म्हणाले. "बघा की! स्वतःच्या बळावर!"

टाळ्या पडल्या. वैजयंताच्या आईनं डोळे पुसले.

"माझी मीच," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "बरं हाय." त्यांनी वातींचं तबक बाजूला सारलं, हात जोडले आणि डोळे मिटून आपली माळ सुरू केली.

"आदिनाथ…"

"आदिनाथ," सगळा मंडप म्हणाला.

"मच्छिंद्रनाथ… गोरखनाथ…"

मंडप मागून म्हणत होता. म्हाताऱ्या डुलत होत्या. चुलीपाशी बसलेला आचारीही हातातली पळी तशीच धरून म्हणत होता.

"भुयारनाथ… गुहानाथ…"

"भुयारनाथ… गुहानाथ… सहजना—"

मंडपाचा आवाज मध्येच तुटला. कारण बाबा म्हणाले होते,

"…आणि मी, धोंडीनाथ."

आधी कुणाला कळलंच नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. आपल्याच तोंडातून चुकून जास्तीचं नाव गेलं की काय? मग हळूहळू लक्षात आलं, तशी मंडपातली हवाच गेली.

बाबांनी सहजनाथांचं नाव गाळलं होतं.

त्यांच्याच समाधीपुढं बसून. आपल्या स्वतःच्या गुरूंचं.

बाळकूतात्या उठले. मठातलं सगळ्यांत जुनं माणूस. काठी टेकत पुढं आले.

"बाबा… चुकलं जरा."

"काय चुकलं, तात्या?"

"मधलं नाव ऱ्हायलं."

"मधी कुणी न्हवतं."

"असं कसं? सहजनाथ स्वामी!"

"मधी माझा मीच," बाबा म्हणाले. "आपण डायरेक्ट."

वैजयंतानं चटकन त्यांच्याकडं बघितलं.

मंडपात गलका उठला. "म्हातारपण आलं!" "डोकं फिरलं बाबांचं!" "अहो, पाणी द्या आधी." एक म्हातारी छाती बडवून रडायलाच लागली. रावसाहेब तोंड उघडं टाकून बसले होते.

बाळकूतात्यांनी काठी जमिनीवर आपटली. "धोंडीबा," ते म्हणाले. बाबा गादीवर बसल्यापासून हे नाव कुणी घेतलं नव्हतं. "तुला देवीचा ताप आला तवा गावानं तुला वेशीभाईर टाकलं. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. त्या माणसानं तुला पाठुंगळी मारून हितं आणलं. चमच्यानं पाणी पाजलं. आणि तू म्हणतोस मधी कुणी न्हवतं? मग ही समाधी कुणाची, रं?"

बाबांनी समाधीकडं वळून बघितलं. ओळख पटत नसल्यासारखं बघत राहिले.

"असतील," ते म्हणाले, "शेजारचे कुणीतरी."

…

वैजयंताला वाटलं, कुणीतरी आपल्या कानफटात मारली. गर्दी बाबांकडं बघत होती. तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं. बाबाही नाही.

"उतरा," तात्या म्हणाले. "गादीवरनं उतरा. रीत हाय ती. मी न्हाई घातलेली."

"बरोबर हाय," बाबा म्हणाले.

आणि ते उतरले.

ना वाद, ना राग. चादरीची सुरकुती हातानं सारखी केली, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि मंडपाच्या मधल्या वाटेनं निघाले. लोक पाय ओढून घेत वाट देत होते. कालपर्यंत ज्या पायांवर डोकी ठेवली, ते पाय समोरून गेले तरी कुणी वाकलं नाही. बाहेर कातळ उन्हानं तापला होता. बाबांच्या पायात काही नव्हतं.

वैजयंता बघत होती. तिच्या मनात एकच चाललं होतं… आता ते थांबतील. आता वळतील. हसतील. म्हणतील, चेष्टा केली.

बाबा थांबले नाहीत.

ते चपलांच्या ढिगापर्यंत पोचले. मगदूम सर गडबडीनं उठून उभे राहिले होते. बाबांनी एक पाय मंडपाबाहेर टाकला, कातळावर.

"थांबा!"

आपण ओरडलो, हे वैजयंताला ओरडल्यावर कळलं.

"थांबा, बाबा! माझं… माझं नाव ऱ्हायलंय. मधलं."

"गप गं," रावसाहेब पुटपुटले. "हितं काय चाललंय, तुझं काय मधीच?"

"न्हाई, आबा. ऱ्हायलंय." ती पायरीवरून हलली नाही. हलली असती तर पळालीच असती. "बाहुबली आण्णाप्पा मगदूम. पॉलिटेक्निकचे. वर्कशॉपचे सर."

"कुठलं पॉलिटेक्निक?"

"मी होते तिथं. दोन वर्षं. तयारी-बियारी काय न्हाई केली मी, आबा. वर्ष उडालं न्हाई माझं. सगळं केलंय तिथं, ह्यांच्या हाताखाली. लोखंड घासलंय, ड्रॉइंगं काढल्यात, नापास होता होता पास झालीय. म्हणून मला पुढं घेतलं." ती आता रडत होती, पण शब्द थांबत नव्हते. "त्यांच्या कपाळावर ते हाय ना, ते माझ्यामुळं हाय. चावी मी ठेवली होती मशीनमधी. त्यांनी मला ढकललं म्हणून मी हाय."

रावसाहेब उठून उभे राहिले. परत बसले. परत उठले.

"शेजारचे म्हणलीस मला तू."

"व्हय."

"आणि मी ह्यांना चपलात बसवलं?"

"अहो, मीच बसलो," सर म्हणाले. "तिथं सावली चांगली होती."

"तुम्ही गप ऱ्हावा, गुरुजी!" रावसाहेब म्हणाले. एवढ्या लोकांत काय करावं ते त्यांना कळेना. नव्या शर्टाच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं.

गर्दीत चुलतभाऊ उभा होता, तोच, मागं जो पॉलिटेक्निकला गेलाच नाही तो. तो वैजयंताकडं बघत होता. मग मान फिरवून तो मंडपाबाहेर निघून गेला. तिनं ते पाहिलं. त्याला हाक मारायला तिच्यापाशी तोंड नव्हतं.

कुणी दंडवत म्हणेना.

मग चुलीपासून आचारी म्हणाला, "दंडवत." एकटाच.

मग आई म्हणाली. मग एक एक करत सगळे.

बाळकूतात्या काठी टेकत मंडपाच्या तोंडाशी गेले. बाबा अजून तिथंच होते. एक पाय सावलीत, एक कातळावर. तात्यांनी त्यांचा दंड धरला.

"बाबा," ते म्हणाले. आता परत बाबा. "चला. गादी रिकामी ठेवू नये. मला उमगलं, तुम्ही काय केलंत ते."

"काय केलं?"

"ते ऱ्हाऊ द्या. पण रीत ती रीत. बसायच्या आधी एकदा स्वामींचं नाव तेवढं घ्या. तुमच्या तोंडानं."

बाबांनी समाधीकडं बघितलं नाही. ते मगदूम सरांच्या भुवईवरच्या खुणेकडं बघत होते.

"आता आणि कशाला?" ते म्हणाले. "मधलं नाव घेतलं की पोरीनं."